छापायचं की नाही, हे ठरवणारा माणूस

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी मराठी वाचकाची ओळख जुनी आहे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नावच मुळी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग, माल्कम एक्स ही नावं इथल्या सभांना, नियतकालिकांना परकी नाहीत. मोर्चे, भाषणं, तुरुंगवास, हत्या यांच्या बातम्यांमधून तो लढा आपल्यापर्यंत पोचला. या सगळ्यात एक प्रश्न मात्र मागे राहून गेला. खुद्द अमेरिकेत हे सारं लाखो कृष्णवर्णीय घरांपर्यंत आठवड्या-महिन्याला पोचवत कोण होतं? कागदाचे पैसे कोण भरत होतं, आणि एखादा फोटो छापायचा की नाही, याचा शेवटचा शब्द कुणाचा होता?

विसाव्या शतकाच्या मधल्या काळात या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर होतं जॉन एच. जॉन्सन. ‘निग्रो डायजेस्ट’, ‘एबनी’ आणि ‘जेट’ या नियतकालिकांचे संस्थापक आणि मालक. ‘फोर्ब्स’च्या 400 धनाढ्य अमेरिकनांच्या यादीत 1982 मध्ये पहिल्यांदा एका कृष्णवर्णीयाचं नाव आलं, ते त्यांचं. गरिबीतून श्रीमंतीकडे गेलेल्या मुलाची गोष्ट म्हणून हे आयुष्य पुष्कळदा सांगितलं गेलं आहे आणि ती गोष्ट खरीही आहे, पण ती अपुरी आहे. जॉन्सन यांनी पैसा मिळवला त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे त्यांनी मालकी मिळवली. ती मालकी काय करू शकते, हे 1955 च्या एका अंकात जगाला दिसलं. त्या अंकापर्यंतचा रस्ता मात्र आर्कान्सामधल्या एका स्वयंपाकिणीने आखला होता.

गर्ट्रूड हे तिचं नाव. 19 जानेवारी 1918 रोजी मिसिसिपी नदीकाठच्या आर्कान्सा सिटी या छोट्या गावात तिच्या पोटी जॉनी, म्हणजेच पुढचे जॉन एच. जॉन्सन, जन्मला. तो लहान असतानाच वडील लाकूड कापायच्या गिरणीत अपघाताने गेले. 1927 च्या महापुरात गाव पाण्याखाली गेलं आणि बांधावर आसरा घेतलेल्या शेकडो माणसांत नऊ वर्षांचा जॉनी आणि त्याची आई होती. गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा होती ती आठवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर गाव सोडायला हवं, आणि गाव सोडायला पैसे हवेत. गर्ट्रूड मजुरांच्या छावण्यांवर स्वयंपाक करत होती, कपडे धुऊन इस्त्री करून देत होती आणि पैसे साठवत होती. जॉनीची आठवी झाली तरी ती रक्कम पुरी पडेना. तेव्हा तिने एक विलक्षण निर्णय घेतला: पास झालेल्या मुलाला पुन्हा आठवीतच बसवलं. रिकामा राहिला तर मजुरीला लागेल, आणि एकदा मजुरीला लागला की शाळेत परतणार नाही, हे तिला ठाऊक होतं. गावाने नावं ठेवली. तिचे दुसरे यजमान शिकागोला जायच्या विरोधात होते. 1933 मध्ये ती मुलाला घेऊन त्यांच्याशिवाय गाडीत बसली. नंतर तेही मागून आले.

शिकागोत सुबत्ता वाट पाहत नव्हती. मंदीचे दिवस होते आणि या कुटुंबाला काही काळ सरकारी मदतीवर दिवस काढावे लागले. ड्युसेबल हायस्कूलमधली मुलं जॉनीच्या खेडवळ उच्चारांना आणि घरी शिवलेल्या कपड्यांना हसत. त्याच शाळेत पुढे गायक म्हणून गाजलेला नॅट किंग कोल शिकत होता आणि पुढे शिकागोचा पहिला कृष्णवर्णीय महापौर झालेला हॅरल्ड वॉशिंग्टनही. जॉनी आरशासमोर उभा राहून भाषणांचा सराव करायचा. त्या सरावाचं फळ 1936 मध्ये मिळालं. गुणी विद्यार्थ्यांच्या सत्काराच्या एका समारंभात हॅरी पेस यांच्याशी गाठ पडली आणि या मुलाला त्यांच्या ‘सुप्रीम लिबर्टी लाइफ’ या विमा कंपनीत अर्धवेळ नोकरी लागली.

पेस हे या गोष्टीतलं काहीसं दुर्लक्षित पात्र आहे. 1921 मध्ये ‘ब्लॅक स्वान’ ही ग्रामोफोन कंपनी काढणारे ते गृहस्थ. कृष्णवर्णीयांच्या मालकीची कंपनी देशभर रेकॉर्ड विकू शकते, हे त्यांनी दाखवलं होतं. गोऱ्या विमा कंपन्या ज्यांना दारात उभं करत नसत, किंवा केलंच तर जास्त हप्ता लावत, अशा लोकांच्या बळावर ‘सुप्रीम’ उभी होती. तिथे वरपासून खालपर्यंत सगळे कृष्णवर्णीय: अध्यक्ष, वकील, डॉक्टर, हिशेबनीस. अठरा वर्षांच्या जॉन्सननी असं दृश्य आधी कधी पाहिलं नव्हतं. पेस यांनी त्यांच्यावर एक काम सोपवलं. देशभरच्या वर्तमानपत्रांत, मासिकांत कृष्णवर्णीयांविषयी जे जे येईल ते वाचायचं आणि त्याचा गोषवारा साहेबांना द्यायचा. जॉन्सन त्यातल्या गोष्टी मित्रमंडळींत सांगू लागले. लोक विचारू लागले, हे कुठे वाचायला मिळेल? नियतकालिकाची कल्पना तिथेच रुजली.

1942 साल. चोवीस वर्षांचे जॉन्सन कर्जासाठी शिकागोतल्या एका मोठ्या बँकेत गेले. काळ्या लोकांना आम्ही कर्ज देत नाही, असं त्यांना तोंडावर सांगण्यात आलं. ते चिडून निघून गेले नाहीत. मग देतं कोण, एवढंच त्यांनी विचारलं. एका छोट्या पतसंस्थेचं नाव मिळालं. ती 500 डॉलर द्यायला तयार होती, पण तारण हवं होतं. घरात तारण ठेवण्याजोगी एकच गोष्ट होती: आईने हप्ते फेडून नुकतंच आपलंसं केलेलं फर्निचर. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या मालकीचं काही झालं होतं. ती लगेच हो म्हणाली नाही. काही दिवस मायलेकांनी प्रार्थना केली, मग ती कबूल झाली. ते 500 डॉलर गेले टपालाच्या तिकिटांत. पेस यांच्या परवानगीने ‘सुप्रीम’च्या 20,000 पॉलिसीधारकांना पत्रं गेली: नवं मासिक निघतंय, दोन डॉलर वर्गणी आगाऊ पाठवा. सुमारे 3,000 लोकांनी पाठवली. सहा हजार डॉलर हाती आले आणि नोव्हेंबर 1942 मध्ये ‘निग्रो डायजेस्ट’चा पहिला अंक निघाला.

तोवर शहाण्या माणसांनी त्यांना परावृत्त करून झालं होतं. ‘क्रायसिस’ या ख्यातनाम नियतकालिकाचे संपादक रॉय विल्किन्स यांनी सरळ सल्ला दिला होता की, पोरा, पैसे वाचव, या धंद्यात काही राहिलेलं नाही. वितरकही ऐकेना. काळ्यांची मासिकं स्टॉलवर खपत नाहीत, असं त्याचं ठाम मत. जॉन्सननी कचेरीतल्या मित्रांना कामाला लावलं. ते दक्षिण शिकागोतल्या स्टॉलांवर फिरून ‘निग्रो डायजेस्ट’ आला का, विचारू लागले. मागणी आहे असं दिसल्यावर वितरकाने अंक उचलले. मग मित्रांनी जॉन्सनच्याच पैशांनी ते अंक विकत घेतले आणि खप दिसला म्हणून आणखी मागवले गेले. याला कुणी लबाडी म्हणेल. पण जे दार गुणवत्तेसाठी उघडत नव्हतं, केवळ रंग पाहून बंद होतं, ते उघडण्यासाठी वापरलेली ही युक्ती होती. पुढचे वाचक तर खरेच होते. 1943 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांच्याकडून ‘मी निग्रो असते तर’ या विषयावर लेख मिळवण्यासाठी जॉन्सननी वारंवार पत्रं लिहिली, नकार पचवले, आणि त्या शिकागोला आल्याचं कळताच तार केली. लेख आला आणि खपाने एकदम मोठी उडी घेतली.

‘एबनी’ निघालं नोव्हेंबर 1945 मध्ये. नाव सुचवलं पत्नी युनिस यांनी. युनिस अलाबामातल्या सेल्माच्या, सुशिक्षित घरातल्या, समाजकार्यात उच्च पदवी घेतलेल्या. या उद्योगातला त्यांचा वाटा पुढे येईलच. ‘एबनी’ म्हणजे ‘लाइफ’सारख्या मोठ्या आकारात, गुळगुळीत कागदावर, फोटोंनी भरलेलं मासिक. पहिल्या अंकाच्या 25,000 प्रती संपल्या. पण इथेच एक विचित्र पेच उभा राहिला. असं महागडं मासिक नुसत्या विक्रीवर चालत नाही. खप वाढेल तसा तोटा वाढतो. जाहिराती हव्यात. मोठ्या कंपन्यांच्या लेखी मात्र कृष्णवर्णीय ग्राहक नावाची गोष्टच अस्तित्वात नव्हती. मधल्या काळात जॉन्सननी टपालाने केसांची तेलं, जीवनसत्त्वं, विग, कपडे विकायचा जोडधंदा काढला आणि स्वतःच्या मासिकात स्वतःच्याच मालाच्या जाहिराती छापून दिवस ढकलले.

त्या काळातली एक भेट तपशिलात सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात जॉन्सन यांची सारी कार्यपद्धती सापडते. ‘झेनिथ’ या रेडिओ कंपनीचे प्रमुख युजीन मॅकडॉनल्ड यांना त्यांनी जाहिरातीसाठी पत्र लिहिलं. उत्तर आलं की, जाहिराती मी पाहत नाही. जॉन्सननी पुन्हा लिहिलं: जाहिरात राहू द्या, कृष्णवर्णीय ग्राहकांबाबत तुमच्या कंपनीचं धोरण काय, त्यावर बोलू, धोरण तर तुम्हीच ठरवता. मॅकडॉनल्ड यांनी भेट दिली, पण अट घातली की, जाहिरातीचा विषय काढलात तर भेट तिथेच संपेल. जॉन्सन अभ्यासाला लागले. हा माणूस उत्तर ध्रुवाच्या प्रदेशात मोहिमेवर जाऊन आलेला आहे, हे त्यांनी शोधून काढलं. 1909 मध्ये पिअरींच्या मोहिमेतून ध्रुवाकडे गेलेले कृष्णवर्णीय संशोधक मॅथ्यू हेन्सन तेव्हा न्यूयॉर्कमध्ये हयात होते. जॉन्सननी माणूस पाठवून हेन्सन यांच्या आत्मचरित्राची त्यांच्या सहीची प्रत आणवली आणि ‘एबनी’त त्यांच्यावर लेख छापला. भेटीच्या दिवशी मॅकडॉनल्डनी आपल्या खोलीतले बर्फात चालायचे बूट दाखवले: हे हेन्सननी मला दिलेत. त्याचं पुस्तक वाचलंय का? जॉन्सननी सहीची प्रत पुढे ठेवली. तुमच्या मासिकात अशा माणसावर काहीतरी यायला हवं, असं मॅकडॉनल्ड म्हणाले. जॉन्सननी ताजा अंक उघडून दिला. जाहिरातीचा शब्द त्यांना काढावाच लागला नाही. ‘झेनिथ’ची जाहिरात आली आणि मॅकडॉनल्ड यांच्याच शब्दाने इतर मोठ्या कंपन्यांची दारंही उघडली.

याच सुमाराची आणखी एक हकिगत. 1949 मध्ये जॉन्सन यांना मिशिगन अव्हेन्यूवरची एक इमारत कचेरीसाठी हवी होती. मालक कृष्णवर्णीयाला विकणार नव्हता. तेव्हा एका गोऱ्या वकिलामार्फत सौदा झाला आणि आपण घेत असलेली वास्तू पाहायला जॉन्सन साफसफाई कामगाराच्या वेषात गेले. देशभर खपणाऱ्या मासिकाचा मालक, आणि स्वतःच्या इमारतीत पाऊल टाकायला त्याला झाडूवाल्याचं सोंग घ्यावं लागलं! ही हकिगत ते पुढे हसून सांगत. वाचणाऱ्याला मात्र ती हसून सोडून देता येत नाही.

आता 1955. खिशात मावेल अशा आकाराचं साप्ताहिक ‘जेट’ 1951 पासून निघत होतं. न्हाव्याच्या दुकानात, ब्युटी पार्लरमध्ये, चर्चच्या आवारात ते हातोहात फिरायचं. ऑगस्टच्या अखेरीस शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल मिसिसिपीत नातेवाइकांकडे सुट्टीला गेला असताना, एका गोऱ्या बाईची छेड काढल्याच्या आरोपावरून त्याला पळवून नेऊन हाल करून मारण्यात आलं आणि प्रेत नदीत टाकलं गेलं. त्याची आई मेमी हिने शवपेटी उघडी ठेवायचा निर्णय घेतला. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला दिसलं पाहिजे, असा तिचा आग्रह होता. ‘जेट’चे छायाचित्रकार डेव्हिड जॅक्सन यांनी तो चेहरा टिपला. तो पाहवत नाही. तो चेहरा म्हणून ओळखूही येत नाही.

कचेरीत मतभेद होते. हे छापायचं? वाचक दुखावतील, जाहिरातदार बिथरतील. जॉन्सन यांनाही शंका होत्या, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं. पण घडलं असेल तर छापणं आपलं कर्तव्य आहे, या निष्कर्षाला ते आले. 15 सप्टेंबर 1955 च्या अंकात फोटो आले. अंक संपला, पुन्हा छापावा लागला. गोऱ्यांच्या मोठ्या वर्तमानपत्रांनी ते फोटो छापले नाहीत. खटल्याच्या वार्तांकनासाठी ‘जेट’चे सिमियन बुकर मिसिसिपीत गेले, तेव्हा कोर्टात कृष्णवर्णीय पत्रकारांना वेगळ्या टेबलाशी बसवण्यात आलं. बारा गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीने तासाभराच्या चर्चेत आरोपींना निर्दोष सोडलं. काही महिन्यांनी त्याच आरोपींनी पैसे घेऊन एका मासिकाला आपला गुन्हा सांगितला. पण तोवर तो फोटो एका संपूर्ण पिढीच्या डोळ्यांत उतरला होता. पुढच्या दशकात रस्त्यावर आलेल्या अनेकांनी नंतर सांगितलं की, आपण लढ्यात ओढले गेलो ते ‘जेट’मधला तो फोटो पाहून.

हा निर्णय घ्यायला जॉन्सन यांना कुणाची परवानगी लागली नाही. संपादक मंडळाच्या डोक्यावर भागधारक नव्हते, कंपनी पूर्णपणे त्यांच्या घराची होती. आईच्या फर्निचरपासून झेनिथच्या जाहिरातीपर्यंतचा सगळा खटाटोप या एका क्षणी कशासाठी होता ते कळतं.

आपल्याकडचा एक धागाही ‘एबनी’च्या पानांत आहे. किंग 1957-58 मध्ये या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर लिहीत. 1959 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ते भारतात येऊन गेले आणि त्या दौऱ्यावरचा त्यांचा लेख जुलै 1959 च्या ‘एबनी’त आला. त्यात मुंबईत रात्री उघड्यावर झोपणाऱ्या माणसांचा उल्लेख आहे, गांधीजींच्या वारशाबद्दलची भक्ती आहे, आणि अस्पृश्यतेविरुद्ध भारतातलं सरकार व नेते अमेरिकेपेक्षा ठामपणे उभे आहेत, असं कौतुकही आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे कौतुक सहज पचणार नाही. नागपूरचं धर्मांतर आणि बाबासाहेबांचं निर्वाण होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती, आणि गावकुसाबाहेरचं वास्तव किंग यांच्या यजमानांनी त्यांना किती दाखवलं असेल, हा प्रश्न पडतोच. तरीही अमेरिकेतल्या लाखो कृष्णवर्णीय घरांत भारतातल्या जातीचा विषय या मासिकाने नेऊन ठेवला, ही गोष्ट लहान नाही.

जॉन्सन यांच्यावर टीका पुष्कळ झाली आणि ती दुर्लक्ष करण्याजोगी नाही. समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी ‘ब्लॅक बुर्झ्वाझी’ या पुस्तकात कृष्णवर्णीय मध्यमवर्गाच्या खोट्या स्वप्नसृष्टीवर कोरडे ओढले, आणि अशी नियतकालिकं त्या स्वप्नसृष्टीची वाहक असल्याचं म्हटलं. मोटारी, बंगले, नटनट्या, लग्नसमारंभ. गरीब बहुसंख्यांचं जगणं कुठे? शिवाय ‘एबनी’त त्वचा उजळ करणाऱ्या मलमांच्या जाहिराती वर्षानुवर्षं छापून आल्या. काळ्या रंगाचं नाव अभिमानाने मिरवणाऱ्या मासिकात गोरं होण्याची औषधं, हा विरोध कुठल्याही युक्तिवादाने झाकता येत नाही. जॉन्सन यांची बाजू अशी होती की, कृष्णवर्णीय माणूस इतर वर्तमानपत्रांत फक्त गुन्हेगार म्हणून दिसत असताना, त्याला डॉक्टर, न्यायाधीश, वर-वधू, बाप म्हणून पाहण्याची वाचकाची भूक खरी होती. या बाजूत तथ्य आहे. मलमांच्या बाबतीत मात्र त्यांनी धंदा पाहिला, असंच म्हणावं लागतं.

आणि ‘एबनी’ म्हणजे केवळ झगमगाट, हेही खरं नाही. एरा बेल थॉम्पसन यांच्यासारखी बाई तिथे वरिष्ठ संपादकपदावर होती. लेरोन बेनेट यांनी कृष्णवर्णीयांचा इतिहास तिथे लेखमालेतून लिहिला, तो 1962 मध्ये ‘बिफोर द मेफ्लॉवर’ या ग्रंथाच्या रूपाने आला. ऑगस्ट 1965 चा विशेषांक तर प्रश्नच उलटा करणारा होता: देशात निग्रोंची समस्या नसून गोऱ्यांची समस्या आहे, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. किंग यांच्या अंत्यविधीत लेक कुशीत घेऊन बसलेल्या त्यांच्या पत्नी कोरेटा यांचा मोनेटा स्लीट यांनी टिपलेला फोटो 1969 मध्ये पुलित्झरचा मानकरी ठरला; छायाचित्रणासाठी हा सन्मान मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय.

युनिस यांचा ‘एबनी फॅशन फेअर’ 1958 पासून गावोगाव फिरला. तिकिटातच मासिकाची वर्गणी धरलेली असे आणि उत्पन्नातून शाळा-दवाखान्यांना मदत जाई. मॉडेल मुलींना आपल्या रंगाला जुळणारं फाउंडेशन बाजारात मिळत नसे. त्या दोन-तीन छटा एकत्र कालवत. मोठ्या कंपन्यांनी असं प्रसाधन बनवण्यात रस दाखवला नाही, तेव्हा 1973 मध्ये जॉन्सन दांपत्याने स्वतःच ‘फॅशन फेअर कॉस्मेटिक्स’ काढलं. त्याच्या आदल्याच वर्षी कंपनी मिशिगन अव्हेन्यूवरच्या अकरा मजली नव्या इमारतीत गेली होती. वास्तुरचनाकार जॉन मूटुसामी, तेही कृष्णवर्णीय. या वेळी वास्तू पाहायला कुणाला वेष बदलावा लागला नाही. गर्ट्रूड यांनी हे सारं पाहिलं. 1977 मध्ये त्या गेल्या तेव्हा त्या कंपनीच्या उपाध्यक्ष होत्या.

जॉन्सन 8 ऑगस्ट 2005 रोजी, वयाच्या 87 व्या वर्षी वारले. त्यानंतरचा काळ उताराचा आहे. ज्या जाहिरातदारांना कृष्णवर्णीय ग्राहक दिसत नव्हता, त्यांना तो जॉन्सननी दाखवला. एकदा दिसल्यावर ते त्याच्यापर्यंत टीव्हीवरून, इतर मासिकांतून, पुढे इंटरनेटवरून थेट पोचू लागले. 2014 मध्ये ‘जेट’ची छपाई थांबली, 2016 मध्ये ‘एबनी’ आणि ‘जेट’ ही दोन्ही नियतकालिकं विकली गेली, 2019 मध्ये उरलेल्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. एका घराच्या हातातल्या ज्या मालकीने 1955 चा निर्णय शक्य केला, तिलाच बाहेरचं भांडवल आणि बाहेरची माणसं वेळेवर आत घेणं जमलं नाही, असं या अखेरीकडे पाहताना वाटतं. कंपनीकडे उरलेलं सर्वांत मौल्यवान धन होतं चाळीस लाखांहून अधिक फोटो आणि निगेटिव्ह. फोर्ड, मेलन, मॅकआर्थर आणि गेटी या संस्थांनी मिळून 3 कोटी डॉलरना ते लिलावात घेतलं, खासगी संग्राहकांच्या हाती जाऊ दिलं नाही. आज तो संग्रह स्मिथसोनियनचं कृष्णवर्णीय इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय आणि लॉस एंजेलिसची गेटी संशोधन संस्था यांच्या स्वाधीन आहे आणि अभ्यासकांसाठी त्याचं जतन व वर्गवारी करण्याचं काम हाती घेण्यात आलं आहे.